उत्तरेची खिडकी आणि एक कार्डशीट : हातच्या वस्तूंचे विक्रीसाठी फोटो

नाशकातल्या तांबट आळीत किंवा भांडी बाजारात गिऱ्हाईक तांब्याची कळशी कशी घेतं ते आठवा. आधी लांबून घाट बघतं, मग उचलून वजनाचा अंदाज घेतं, आत डोकावून कल्हई बघतं, उलटी करून बूड बघतं आणि शेवटी एक टिचकी मारतं. येवल्यात पैठणी दाखवतात तिथेही तेच. पदर हातात आला की पहिल्यांदा उलटा होतो, मग उजेडाकडे धरला जातो. कोणते फोटो काढायचे याची यादी अशी गिऱ्हाइकाच्या हातांनीच करून ठेवलेली आहे. वजन आणि टिचकी सोडली तर बाकी सगळं फोटोत दाखवता येतं. वजन शब्दांत लिहायचं, ग्रॅममध्ये.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा फोन पुरतो. वस्तू परत येते ती बहुतेक दोन कारणांनी: रंग वेगळा निघाला किंवा आकाराचा अंदाज चुकला. पुढचं सगळं याच दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

उजेड कुठून घ्यायचा

एकच खिडकी, शक्यतो उत्तरेची, आणि घरातले सगळे दिवे बंद. ट्यूबलाइट चालू ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढला की वस्तूची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची येते, आणि नंतर कोणत्याही ॲपमध्ये ते धड सुधारत नाही. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत ऊन शिरत नाही आणि सकाळी दहा ते दुपारी चार उजेड जवळजवळ सारखा मिळतो. दिवाळी आणि संक्रांतीच्या मालाचे फोटो नेमके याच दिवसांत काढायचे असतात, ही सोयच म्हणायची. उन्हाळ्यात तीच खिडकी सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत घेते. मे अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तर भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा खिडकीला पांढरी मलमल किंवा पांढरा पातळ पडदा लावा. मांजरपाट लावू नका. तो पिवळसर असतो आणि सगळा फोटो पिवळा करतो. पावसाळ्यात ढगाळ दुपारी पडदाही लागत नाही, उजेड आपसूक मऊ होतो; फक्त तो मिनिटामिनिटाला कमी-जास्त होत राहतो.

जुन्या नाशकातल्या वाड्यात राहत असाल तर चौकालगतची पडवी खिडकीपेक्षाही चांगली. तिथे उजेड मोठ्या मोकळ्या बाजूने, एकाच दिशेने येतो. भर चौकात मात्र वस्तू ठेवू नका. वरून पडणाऱ्या उजेडात तांब्याच्या गळ्याखाली आणि टोपलीच्या काठाखाली काळी सावली बसते.

गच्चीवर, लख्ख उन्हात काढलेले फोटो मोबाइलच्या पडद्यावर लगेच उठून दिसतात, म्हणून तो मोह बहुतेकांना होतो. पण उन्हात पैठणीची जर पांढरी फटक पडते, तांब्यावर सूर्याचा ठिपका येतो, आणि गेरूवरचा वारलीचा पांढरा रंग पसरल्यासारखा दिसतो.

मांडणी

मेन रोडवरच्या कुठल्याही स्टेशनरी दुकानात पांढरी फुल साइज कार्डशीट मिळते, २२ बाय २८ इंचांची. तिच्यासोबत एक काळी कार्डशीट, पांढऱ्या सनबोर्डचा एक तुकडा, चार-पाच ट्रेसिंग पेपर आणि कपड्यांचे चिमटे घ्या. सनबोर्ड नसेल तर थर्माकोल चालतो.

टेबल खिडकीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवा, असं की खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. खिडकीला पाठ करून उभे राहिलात तर तुमचीच सावली वस्तूवर पडते, आणि समोरून सपाट उजेड पडल्यामुळे हातकामाचा उठाव दिसत नाही. कार्डशीटचं वरचं टोक टेबलामागच्या भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला चिमट्याने अडकवा आणि बाकीची शीट टेबलावर येऊ द्या. मध्ये घडी पाडायची नाही, गोलाई ठेवायची. या गोलाईमुळेच फोटोत मागची रेघ दिसत नाही. वस्तू मागच्या उभ्या भागापासून निदान एक फूट पुढे ठेवा, म्हणजे तिची सावली कागदावर चढणार नाही.

आता वस्तूची खिडकीच्या विरुद्ध बाजू काळवंडलेली दिसेल. तिथे सनबोर्ड उभा करा, वस्तूपासून आठ-दहा इंचांवर. तो जवळ-लांब सरकवत बघा. सावली पूर्ण घालवायची नाही. दोन्ही बाजू सारख्या उजळल्या की गोल वस्तू चपटी दिसते.

भिंतींकडेही एकदा बघून घ्या. पोपटी किंवा गुलाबी रंगाची भिंत चार फुटांवर असली तरी पांढऱ्या मातीच्या भांड्यावर तिची झाक येते. अंगातला भगवा किंवा लाल शर्टही तेच करतो. फोटो काढायच्या दिवशी काळे, करडे किंवा पांढरे कपडे घाला.

फोन

लेन्स पुसा. ही सूचना बावळट वाटते, पण फोटो धुरकट येण्याचं पहिलं कारण खिशात राहून लेन्सवर बसलेला तेलकट थर हेच असतं. मऊ, धुतलेलं सुती कापड पुरेल.

फोन वस्तूच्या अगदी जवळ नेऊन साध्या लेन्सने फोटो काढू नका. कॅमेऱ्याजवळचा भाग फुगतो, लांबचा बारीक होतो. तांब्याचं पोट सुटल्यासारखं आणि गळा आवळल्यासारखा दिसतो. तीन-साडेतीन फूट मागे जा आणि २ एक्स झूम वापरा. फोन ट्रायपॉडवर ठेवा, नाहीतर पुस्तकांच्या चवडीवर टेकवा. उंची वस्तूच्या मध्यावर आली पाहिजे. टायमर तीन सेकंदांचा लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा हिसका फोटोत उतरत नाही.

पोर्ट्रेट मोड बंद. तो कडा ओळखून मागचं धूसर करतो, आणि कळशीचा कान, तोरणाचे मणी, बांबूच्या फटी यांत हमखास फसतो. कानातली मोकळी जागा तशीच राहते किंवा कानाचाच तुकडा उडतो. ब्युटी, व्हिव्हिड, दृश्य ओळखून आपोआप रंग खुलवणारं सेटिंग, सगळं बंद करा. फ्लॅशचं तर नावच नको.

मग वस्तूवर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड लॉक होतो. बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली-वर सरकवून उजेड ठरवायचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून फोन चालतो. पांढऱ्या कागदावर पांढरी वस्तू ठेवली की त्याला उजेड जास्त वाटतो, तो कमी करतो, आणि कागद धुवट राखाडी येतो. तिथे उजेड हाताने वाढवायचा. प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळी सेटिंग हाताने ठरवायच्या सोयीत, आकडा दिसत असेल तर +०.७ ते +१. गडद गेरूचं चित्र किंवा काळी चंद्रकळा असेल तर उलट होतं. फोन उजेड वाढवतो आणि गडद रंग फिका पडतो. तिथे -०.७ पर्यंत खाली या.

रंग खरा येण्यासाठी

फ्रेममध्ये तांबंच तांबं भरलं की फोनची अशी समजूत होते की खोलीतला उजेडच लालसर आहे. मग तो चित्राला निळसर ओढतो. तांबं फिकं पडतं आणि मागचा कागद निळा दिसतो. पिवळ्या बल्बखाली याच्या उलट, पितळ लालसर होऊन तांब्याकडे झुकतं. फोटोवरून ‘तांब्याचा लोटा’ म्हणून मागवला आणि हातात पितळेचा आला, असा घोळ इथूनच सुरू होतो.

उपाय दोन. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगजुळणी, ऑटोवर न ठेवता एका आकड्यावर पक्का करा. ढगाळ दिवशी तो ६५०० केल्विनच्या आसपास असतो. एकदा ठरवला की त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना तोच. दुसरा उपाय असा की पहिल्या फोटोत वस्तूशेजारी एक पक्कं पांढरं ठेवायचं, आणि नंतर स्नॅपसीड ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या पांढऱ्यावर टेकवायचा. झेरॉक्सचा कागद यासाठी तितकासा बरा नाही. त्यात चकाकी आणणारं रसायन असतं, त्यामुळे तो खिडकीच्या उजेडात निळसर दिसतो. प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आठ-दहा पदरी करून पुठ्ठ्यावर लावा. इतकं निखळ पांढरं घरात दुसरं सापडणार नाही. पहिल्या फोटोची दुरुस्ती त्याच बैठकीतल्या बाकीच्या फोटोंना जशीच्या तशी लावता येते.

खिडकी नसेलच आणि दिव्यावर काम करायचं असेल तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेले, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन एलईडी घ्या. स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि तो दिवा तिच्या तालावर लुकलुकत असतो. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे बहुतेक जातात.

तांबं-पितळ

सगळ्यात जास्त त्रास देणारी वस्तू हीच. चकचकीत तांब्याला स्वतःचं रूप कमी आणि समोरच्याचं जास्त. लोट्याच्या पोटात खिडकीचे गज, पंखा, फोन धरलेला हात आणि तुम्ही स्वतः, सगळे हजर असतात. म्हणून भांड्याचा फोटो काढायचा म्हणजे भांड्यासमोरच्या खोलीचा बंदोबस्त करायचा.

आधी घासणं. चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ बाहेरून, कल्हईला लावायचं नाही. धुतल्याबरोबर जुन्या मऊ धोतराच्या कापडाने कोरडं करा. पाणी स्वतःहून वाळलं की डाग राहतात आणि ते फोटोत दुप्पट दिसतात. यापुढे उघड्या हाताने धरायचं नाही, रुमालाने धरायचं. बोटांचे ठसे लगेच दिसले नाहीत तरी नंतर काळपट उमटतात. घासल्या दिवशीच फोटो काढा. पावसाळ्याच्या दमट हवेत तांब्याची झळाळी फार दिवस टिकत नाही. जुन्या, मुद्दाम काळपट ठेवलेल्या भांड्याला घासू नका, तो रंगच त्याची किंमत आहे.

आता पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, भांड्याच्या दुप्पट तरी. दोन बाजू आणि वरचं झाकण यांत मोठ्या खिडक्या कापा आणि त्यांवर ट्रेसिंग पेपर चिकटवा. आत कार्डशीटची तीच गोलाई. समोरची बाजू उघडी राहते, तिथे पांढऱ्या कार्डशीटचा पडदा लावा आणि त्याला लेन्सपुरतं, इंचभर भोक पाडा. फोन भोकाला लावून फोटो काढा. तुम्ही पडद्याआड गेलात, खोली ट्रेसिंग पेपरच्या आड गेली. इथे २ एक्ससाठी लागणारं अंतर मिळावं म्हणून खोकं खोल हवं; उथळ असेल तर पडदा खोक्यापासून दोन फूट पुढे, दोन खुर्च्यांना बांधा.

इतकं केल्यावर पहिला फोटो बघून हिरमोड होईल, कारण सगळीकडून पांढरं परावर्तित झाल्यामुळे भांड्याच्या कडा पांढऱ्या कागदात विरघळतात. काळ्या कार्डशीटच्या दोन इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापा आणि भांड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, उभ्या करा. त्यांचं प्रतिबिंब भांड्याच्या दोन्ही कडांवर बारीक गडद रेघ होऊन उतरतं आणि घाट एकदम उठतो. पट्टी अर्धा इंच पुढे-मागे केली तरी रेघ जाड-बारीक होते. खरा वेळ इथे घालवायचा.

मठारकाम असलेल्या भांड्याला मात्र हा पांढरा तंबू मारक ठरतो. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा एक छोटा सपाट पैलू असतो, आणि उजेड एकाच अंगाने, तिरपा आला तरच तो पैलू शेजारच्यापासून वेगळा चमकतो. त्यासाठी खिडकीच्या बाजूचा ट्रेसिंग पेपर ठेवा, खिडकीच्या विरुद्ध बाजूचा काढून तिथे काळी शीट लावा. ठोके मोजता येतील इतके स्पष्ट दिसले पाहिजेत. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याचे ठसे एकसारखे असतात, हातचे नसतात. हा फरक दिसला की किंमत समजावत बसावं लागत नाही.

आतल्या कल्हईचा फोटो काढताना भांड्याचं तोंड खिडकीकडे झुकवा आणि फोन वरून तिरपा धरा. टॉर्च मारली तर बुडात एक पांढरा गोळा दिसेल, बाकी अंधार. बुडाचा फोटोही हवाच; डाख किंवा जोड असेल तर तो दिसू द्या. चांदीचे छोटे दागिने याच तंबूत, फक्त खोकं लहान.

पैठणी

पूर्ण साडी पसरून एकाच फोटोत बसवण्याच्या फंदात पडू नका. सहा मीटरच्या पुढचं कापड एका फोटोत घेतलं की हाती एक रंगीत पट्टा लागतो. दीड-दोन इंच जाडीचा बांबू किंवा पीव्हीसी पाइप आडवा बांधून त्यावरून पदर सोडा, खाली चिमटे लावून ताणून घ्या. घडीच्या रेघा आधी काढायच्या, वरून सुती कापड ठेवून, हलक्या गरम इस्त्रीने. जरीवर इस्त्री थेट टेकवायची नाही.

जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली धातूची चपटी तार. ती आरशासारखी वागते: एका कोनात सोनेरी, दुसऱ्यात पांढरी, तिसऱ्यात मातकट. उजेड बाजूने साधारण ४५ अंशांनी येऊ द्या, फोन पदराला समांतर ठेवा आणि बांबूचं एक टोक बोटभर पुढे-मागे करत पडद्यावर बघत राहा. जर उजळते पण तिच्यातले धागे अजून वेगळे दिसतात, तिथे थांबा. उजेड -०.३ खाली घ्या.

धूपछाँव साडीचे दोन फोटो लागतातच, कारण ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा रंग एक आणि बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा दुसरा. समोरून एक, आणि कापडाची हलकी चुणी करून तिरपा एक. नुसता पहिला टाकला तर घरी गेलेली साडी ‘फोटोतल्यापेक्षा वेगळी’ ठरते, आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबरच असतं.

पदराच्या उलट्या बाजूचा फोटो विसरू नका. हाताने टॅपेस्ट्री पद्धतीने विणलेल्या पदरावरचे मोर, मुनिया, आसावली मागूनही जवळजवळ तसेच दिसतात. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे, तरंगते धागे असतात. पदराचं एक टोक उलटून, सुलटी आणि उलटी बाजू एकाच फ्रेममध्ये घ्या. सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेचं लेबल असेल तर त्याचाही वाचता येईल असा फोटो ठेवा.

जांभळा आणि वांगी हे रंग फोन हटकून निळे करतो, राणी रंग भडक करतो. ॲपमध्ये सॅच्युरेशन पाच-दहा अंकांनी कमी करून बघा. तरी जमलं नाही तर फोटोखाली लिहा: ‘प्रत्यक्षात वांग्याच्या सालीसारखा’. नुसतं ‘मोरपंखी’ लिहून भागत नाही. तो कुणाला हिरवा वाटतो, कुणाला निळा.

वारली, बांबू, माती

वारलीचं चित्र काचेत मढवण्याआधी फोटो काढा. चित्र भिंतीला सपाट लावा, फोन बरोबर मध्यासमोर. ग्रिड चालू करून चारही कडा रेघांशी जुळवा. थोडा जरी कोन राहिला तरी चौकोन तिरका होतो. गेरूवर बारीक पांढऱ्या रेघा असतात, म्हणून उजेड त्या रेघांसाठी ठरवायचा.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक भागातल्या बांबूच्या टोपल्यांना पांढऱ्यापेक्षा करड्या किंवा मातकट कापडाची पार्श्वभूमी शोभते. उजेड अगदी आडवा घ्या, म्हणजे वीण उठेल. काठाचा जोड आणि बूड जवळून दाखवा. पावसाळ्यात साठवलेल्या मालावर बुरशीचे बारीक काळे ठिपके आहेत का ते आधी बघा. फोनच्या पडद्यावर सुटले तरी गिऱ्हाइकाने झूम केल्यावर सुटत नाहीत. पोळ्याचे मातीचे बैल, पणत्या यांना वेगळं काही लागत नाही, ब्रशने धूळ तेवढी झटका.

आकार, छाटणी, पाठवणं

प्रत्येक वस्तूचा एक फोटो हातात धरून काढा. स्टीलची पट्टी शेजारी ठेवलेला फोटो अचूक असतो, पण डोळ्याला माप कळतं ते हातावरून. इंच आणि लिटर खाली लिहायचेच.

ॲमेझॉनच्या मुख्य फोटोला पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे २५५-२५५-२५५ लागते, वस्तूने सुमारे ८५ टक्के फ्रेम व्यापावी लागते, आणि मोठी बाजू निदान १००० पिक्सेल असेल तरच झूम चालतो. वॉटरमार्क, अक्षरं, शेजारी ठेवलेली फुलं तिथे चालत नाहीत. ती हौस इन्स्टाग्रामवर भागवा. तिथे १०८० बाय १३५० चा उभा फोटो पडद्याची जास्त जागा घेतो. पार्श्वभूमी आपोआप कापणारी ॲप्स पदराचे गोंडे आणि टोपलीच्या फटी खातात, आणि सावली गेल्यामुळे भांडं हवेत तरंगतं. कागद मुळात पांढरा आला असेल तर फक्त कागदाचा भाग उजळून काम होतं.

व्हॉट्सॲपवर फोटो एचडी पर्याय निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवलेला आणि दोन-तीनदा फिरून आलेला फोटो चिखल होतो, आणि गिऱ्हाईक त्याच चिखलावरून जरीची प्रत ठरवतं.

टाकण्याआधी फोटो दुसऱ्या फोनवर, पडद्याचा उजेड निम्मा ठेवून उघडा, आणि तो फोन त्याच खिडकीत वस्तूशेजारी धरा. रात्री ट्यूबलाइटखाली ही तुलना करू नका, तिथे दोन्ही खोटे दिसतात.

हातच्या कामात एक वस्तू दुसरीसारखी तंतोतंत नसते, म्हणून फोटोखाली स्पष्ट लिहा: ‘फोटोतलाच नग मिळेल’ किंवा ‘याच घाटाचा दुसरा नग मिळेल, ठोक्यांत आणि रंगात फरक राहील’. पहिल्या प्रकारातली वस्तू विकली गेली की तिचे फोटो त्याच दिवशी सगळीकडून उतरवा.